राउमा : राहत्या माणसांचं गाव

(दहावीच्या १९८८ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला फोन करून सांगितलं, "तू फिनलंडला असतोस, त्या देशाबद्दल वीस मिनिटं बोल." वीस मिनिटांत अख्खा देश सांगायचा म्हणजे नोकिया, सांताक्लॉज, तिथल्या शाळा आणि बर्फ. हे सगळं तुमच्या मोबाईलमध्ये आहेच. म्हणून मी देश बाजूला ठेवतो आणि एका गावाबद्दल बोलतो. गेली आठ वर्षं मी त्या गावात राहतो. गावाचं नाव राउमा.

भूगोलाच्या बाई समोर बसल्या आहेत, तेव्हा आधी नकाशा. फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर बोथनियाचं आखात आहे, पलीकडे स्वीडन. त्या किनाऱ्यावर तुर्कू शहराच्या उत्तरेला साधारण नव्वद किलोमीटरवर राउमा. लोकसंख्या चाळीस हजारांच्या आत. आपल्याकडे एवढ्या वस्तीला कुणी शहर म्हणायला धजणार नाही, पण तिथे ते शहर आहे आणि १४४२ सालापासून शहर आहे. डिसेंबरात दिवस सहा तासांहूनही लहान असतो आणि जूनमध्ये रात्र अशी होतच नाही. रेल्वेचा फाटा आहे, पण त्यावरून फक्त मालगाड्या जातात. पाहुण्याने बसने यायचं.

बस उतरून थोडं चाललात की जुनं राउमा लागतं. जेमतेम तीस हेक्टरांचा तुकडा, त्यात लहानमोठी सुमारे सहाशे लाकडी घरं आणि गोठे-कोठारं. बहुतेक एकमजली. रस्ते दगडी गोट्यांचे, अरुंद आणि हवे तसे वळणारे, कारण त्यांची आखणी मध्ययुगातली. घराचं तोंड रस्त्याला, बाजूला मोठं लाकडी फाटक, आणि फाटकातून आत गेलात की चौक. चौकाभोवती पूर्वी गुरं, घोडे, सरपण. वाड्यात वाढलेल्या माणसाला तिथे फारसं परकं वाटत नाही. घरांना नावं आहेत, बहुतेक जुन्या मालकांची, आणि ती दारावरच्या पाटीवर लिहिलेली असतात. मालक चार वेळा बदलले तरी पाटी तीच.

आता इतिहास. तारखांची परीक्षा घेणार नाही, घाबरू नका.

सोळाव्या शतकात फिनलंड स्वीडनच्या राज्यात होतं. राजा गुस्ताव वासा याला समुद्रापलीकडच्या ताल्लिन शहराचा व्यापार आपल्याकडे ओढायचा होता. त्यासाठी १५५० साली त्याने एक नवं बंदर वसवायचं ठरवलं. बंदर वसवायचं तर माणसं हवीत. राजाने हुकूम काढला : राउमा, उल्विला, पोर्वो आणि ताम्मिसारी या चार गावांतल्या व्यापारी नागरिकांनी आपलं बिऱ्हाड उचलून नव्या शहरात राहायला जावं. त्या नव्या शहराचं नाव हेलसिंकी. म्हणजे आज जी देशाची राजधानी आहे, ती वसवण्यासाठी माझ्या गावातली माणसं हाकलून नेली होती. शहराचा जम काही बसेना. सात वर्षांनी, १५५७ मध्ये, परत जायची मुभा मिळाली आणि राउमाकर घरी परतले. राउमाच्या माणसाला हेलसिंकीचं कौतुक सांगायला गेलात तर तो आजही म्हणतो, "हो, आम्हीच बांधून दिलं. आवडलं नाही, म्हणून परत आलो."

गावात एक दगडी चर्च आहे, होली क्रॉस चर्च. मुळात ते फ्रान्सिस्कन संन्याशांच्या मठाचं. आत छतावर सोळाव्या शतकातली चित्रं आहेत. धर्मसुधारणेच्या लाटेत १५३८ मध्ये मठ बंद झाला आणि ही इमारत ओस पडली. थोडीथोडकी नाही, शंभर वर्षं. गावाचं खरं चर्च वेगळं होतं. १६४० मध्ये मोठी आग लागली, त्यात ते जळालं. तेव्हा लोकांनी या रिकाम्या इमारतीची झाडलोट केली आणि तिथे प्रार्थना सुरू केली. ती आजपर्यंत चालू आहे. जळालेल्या चर्चच्या भिंतींचे अवशेषही गावात उभे आहेत. दोन्ही जागा एकमेकींपासून चालत काही मिनिटांवर आहेत. एक वापरात आली म्हणून टिकली, दुसरीच्या नुसत्या भिंती उरल्या.

१६८२ मध्ये पुन्हा आग लागली. लाकडी गावाचं हेच मरण. त्या किनाऱ्यावरची बहुतेक जुनी शहरं अशीच गेली : तुर्कू १८२७ मध्ये, वासा आणि पोरी दोन्ही १८५२ मध्ये. जळाल्यावर तिथे रुंद, सरळ, कागदावर पट्टीने आखलेले रस्ते आले. राउमाला मात्र १६८२ नंतर तशी सगळं गिळणारी आग लागली नाही. यात नशिबाचा भाग आहेच. जुने रस्ते तसेच राहिले आणि त्यांच्या कडेला लोक घरं दुरुस्त करत राहिले.

या गावाचा पैसा आला समुद्रातून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिनलंडमधला सर्वांत मोठा शिडाच्या जहाजांचा ताफा राउमाचा होता, पन्नासहून अधिक जहाजं. जगात वाफेची जहाजं धावू लागली होती तरी राउमाकर शिडाला धरून होते. गावात खलाशांना शिकवणारी शाळा होती. तिच्या जुन्या इमारतीत आज समुद्री संग्रहालय आहे. नवरे महिनोन्‌महिने बाहेर. खलाशी इंग्लंडहून चिनीमातीचे कुत्रे आणायचे आणि बायका ते जोडीने खिडकीत ठेवायच्या. कुत्र्यांची तोंडं रस्त्याकडे असली तर घरधनी दर्यावर आहे आणि घराकडे वळलेली असली तर तो घरी आहे, असं गावात सांगतात. खरं किती, कोण जाणे, पण कुत्रे अजून खिडक्यांत आहेत. काही खिडक्यांच्या बाहेर लहानसा आरसाही लावलेला दिसतो. आतल्या खुर्चीत बसून, मान न वळवता, रस्त्याने कोण येतंय हे त्यात दिसतं. त्याला तिथे 'चुगलीचा आरसा' अशाच अर्थाचं नाव आहे. आपल्याकडे या कामासाठी ओटा असतो.

दुसरा उद्योग बायकांचा, लेस विणण्याचा. गोल उशीवर नक्षीचा कागद, त्यावर टाचण्या, आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला एक लाकडी काडी. या काड्या डझनावारी असतात. त्या एकमेकींवरून टाकत, पिळत, टाचणीभोवती धागा अडकवत लेस उतरते. काड्यांचा टकटक आवाज पावसाच्या पागोळ्यांसारखा येतो. अठराव्या शतकात बायकांच्या टोप्यांना ही लेस लावायची पद्धत होती आणि राउमाची लेस दूरवर जायची. पुढे टोप्यांची फॅशन गेली आणि धंदा बसला. कला मात्र पूर्ण मेली नाही. १९७१ पासून दर जुलैत गावात लेसचा आठवडा भरतो. आजीबाई चौकात उशी घेऊन बसतात, घरांची फाटकं उघडी असतात आणि एका रात्री सगळा गाव रस्त्यावर असतो.

जहाजांचा पैसा घरांवरही दिसतो. १८९० च्या दशकात हाती पैसा खेळू लागला तेव्हा लोकांनी जुन्या ओंडक्यांच्या घरांना बाहेरून नक्षीदार फळ्या ठोकल्या, खिडक्यांना कोरीव चौकटी लावल्या. म्हणजे बाहेरून पाहिलं तर घर एकोणिसाव्या शतकातलं आणि आतला ओंडका त्याहून शंभर वर्षांनी जुना. मग इलेक्ट्रिसिटी आली, नळ आले, न्हाणीघरं आली. राउमातलं कुठलंही घर 'मूळ' अवस्थेत नाही. प्रत्येक पिढीने आपल्या सोयीने त्यात काहीतरी बदललंय. म्हणूनच ती घरं पुढच्या पिढीला राहण्याजोगी वाटली.

भाषेबद्दल सांगितल्याशिवाय राउमा पुरं होत नाही. राउमाची बोली प्रमाण फिनिशपेक्षा इतकी वेगळी आहे की हेलसिंकीचा माणूस गोंधळतो. प्रमाण भाषेत 'क' असेल तिथे हे 'ग' म्हणतात, शब्दांच्या शेपट्या खाऊन टाकतात आणि देशोदेशीच्या बंदरांतले शब्द मध्ये पेरतात. भाषेला प्रमाण फिनिशमध्ये 'किएली' म्हणतात, राउमात 'गिअल'. ही बोली पुस्तकात आली ती एका डॉक्टरांमुळे. नोर्तामो नावाचे हे गृहस्थ, जन्म १८६०, मृत्यू १९३१. पेशाने डॉक्टर, पण म्हाताऱ्या खलाशांच्या गप्पा त्यांनी बोलीतच लिहिल्या. आपण वर्गात पुस्तकी मराठी आणि मधल्या सुट्टीत मालवणी बोलणारी मुलं. त्यामुळे ही गोष्ट मला फार जवळची वाटते. बोली छापून आली की तिच्याबद्दलचा संकोच कमी होतो.

आता या गावाचा हट्टीपणा बघा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेल्वे आली ती राउमाला वळसा घालून, शेजारच्या पोरीला. पोरी म्हणजे राउमाची जन्माची सवत. मग राउमाकरांनी स्वतःच्या खर्चाने रूळ टाकले. १८९७ मध्ये राउमाची स्वतःची रेल्वे सुरू झाली आणि १९५० मध्ये सरकारने ताब्यात घेईपर्यंत ती गावाच्या मालकीची होती. त्याच्या एक वर्ष आधी, १८९६ मध्ये, गावात शिक्षकांचं प्रशिक्षण विद्यालय सुरू झालं. आज ते तुर्कू विद्यापीठाचा भाग आहे आणि तिथे अजूनही शिक्षक घडतात. सर, बाई, तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो : फिनलंडच्या प्राथमिक शाळेत हस्तकला हा विषय १८६६ पासून सक्तीचा आहे आणि त्याचे शिक्षक राउमात तयार होतात. तिथली मुलं, मुलगे आणि मुली दोघंही, शाळेत करवत चालवतात आणि शिवणही शिकतात. आपल्याकडे तो तास बहुधा गणिताला जायचा.

दुसऱ्या महायुद्धात फिनलंड हरलं. १९४४ च्या करारात सोव्हिएत संघाला तीस कोटी डॉलर किमतीची भरपाई द्यायची ठरली आणि तीही पैशांत नव्हे, मालाच्या रूपात : यंत्रं, लाकूड, जहाजं. लहानशा, थकलेल्या देशाने ती १९५२ पर्यंत पुरी फेडली. राउमाच्या वाट्याला जहाजं आली. १९४५ मध्ये इथे होलमिंग नावाची नवी गोदी उभी राहिली ती शिडाची लाकडी जहाजं बांधण्यासाठी. लाकूड आणि शीड दोन्ही ओळखणारे हात गावात होतेच. कर्ज फिटलं, पण शिकलेलं कसब राहिलं आणि सोव्हिएत संघ गिऱ्हाईक झाला. तुम्ही 'टायटॅनिक' सिनेमा पाहिला असेल. त्यात बुडालेलं जहाज शोधायला येणारं संशोधन जहाज आहे ना, ते खरंखुरं जहाज राउमाच्या होलमिंग गोदीत १९८० च्या सुमारास बांधलेलं. राउमात नवीन आलेल्या माणसाला ही गोष्ट पहिल्या आठवड्यातच कळते.

मित्रांनो, आता मला जे खरं सांगायचं आहे त्याकडे येतो. जुनं राउमा आपोआप टिकलेलं नाही. युद्धानंतर गावाबाहेर गोदी आणि कागदाचे कारखाने वाढले, नवे फ्लॅट झाले. १९६० च्या दशकात साऱ्या फिनलंडमध्ये लाकडी वस्त्या पाडून सिमेंटच्या चौकोनी इमारती उभ्या राहत होत्या. तुर्कूसारख्या शहराने किती जुन्या इमारती गमावल्या, याची तिथे आजही हळहळ आहे. राउमातही जुनी घरं म्हणजे ओल, गारठा आणि मागासलेपण असं वाटणारे पुष्कळ होते. त्यांचं अगदी चुकत होतं असं नाही. शौचालय चौकाच्या पलीकडे आणि बाहेर उणे वीस अंश, हे ज्याने भोगलं त्याला वारशाचं कौतुक सांगू नये.

पण हळूहळू गावाचं मत फिरलं. १९८१ च्या नगररचना आराखड्याने जुन्या वस्तीला संरक्षण दिलं. १९९१ मध्ये युनेस्कोने तिचं नाव जागतिक वारशाच्या यादीत घातलं. क्रम लक्षात घ्या. गावाने आधी ठरवलं, युनेस्कोचा शिक्का दहा वर्षांनी आला. आणि गावाने ठरवताना संग्रहालय केलं नाही. दोन घरांचं केलं : मारेला हे जहाजमालकाचं घर आणि किर्स्ती हे खलाशी-कारागिरांचं. बाकीची घरं बहुतेक खाजगी मालकीची आहेत. सुमारे आठशे माणसं आजही तिथे राहतात. बेकरी आहे, चष्म्याचं दुकान आहे, बाजार भरतो, पोरं सायकली उडवत शाळेला जातात.

यात गैरसोयी आहेत. घर तुमचं, पण खिडकी बदलायची तर परवानगी लागते. रंग जवसाच्या तेलातला असावा असा आग्रह असतो, आणि त्याला सुकायला आपल्या धीराची परीक्षा घेईल इतका वेळ लागतो. खालचा ओंडका कुजला तर घर उचलून धरून तेवढाच ओंडका बदलावा लागतो आणि तो करणारा सुतार शोधावा लागतो. गावात यासाठी सल्ला देणारं एक दुरुस्ती केंद्र आहे. तुमच्या घरात काय पाडू नये, काय कसं जोडावं, हे तिथे माहीतगार माणसं सांगतात. माझ्या मते युनेस्कोच्या पाटीपेक्षा त्या केंद्राची मदत मोठी आहे. नियम सगळेच करतात, पण नियम पाळायचा कसा हे शेजारी बसून शिकवणारा माणूस हवा असतो.

आणि दुसरा घाव अगदी अलीकडचा. २०१३ मध्ये गोदी बंद करण्याची घोषणा झाली. शेकडो कुटुंबांचं पोट तिच्यावर. अशा वेळी लहान गावाचं काय होतं ते आपण सगळ्यांनी जवळून पाहिलंय. एकेक घर बंद होतं आणि पाऊस ते खातो. राउमाच्या नगरपालिकेने गोदीची जमीन आणि इमारती विकत घेतल्या. स्थानिक लोकांनी २०१४ मध्ये नवी जहाजबांधणी कंपनी काढली आणि ती जागा भाड्याने घेतली. बाहेरून पाहणाऱ्यांना हा वेडेपणा वाटला असणार. पण २०१८ मध्ये डेन्मार्कसाठी बांधलेलं पहिलं मोठं प्रवासी जहाज तिथून बाहेर पडलं. त्यानंतर फिनलंड-स्वीडन, हेलसिंकी-ताल्लिन या मार्गांवरची जहाजं झाली, ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियासाठीही झाली. बघा, ज्या ताल्लिनशी स्पर्धा करायला राजाने राउमाकरांना हाकललं, त्या ताल्लिनला जाणारं जहाज राउमाकरांनी बांधलं. माझ्यासारख्या आराखडे काढणाऱ्या माणसाला त्या गावात काम मिळालं ते या धाडसामुळे.

सगळं गोड आहे असं म्हणणार नाही. तरुण मुलं तुर्कूला, हेलसिंकीला जातात. गावाचं सरासरी वय वाढतंय. दुकानं गावाबाहेरच्या मॉलमध्ये जातात. पण या माणसांना वाट बघता येते. त्यांचा आइस हॉकीचा संघ आहे, लुक्को, म्हणजे कुलूप. तो १९६३ मध्ये देशात अजिंक्य ठरला. त्यानंतर थेट २०२१ मध्ये. मधली अठ्ठावन्न वर्षं लोक दर मोसमात तिकीट काढून बसत होते. शेजारची पोरी त्यांना हसत होती.

हे सगळं इथे का सांगितलं? संध्याकाळच्या बैठकीत आपल्या शाळेच्या जुन्या कौलारू इमारतीचा विषय आहे. कार्यक्रमपत्रिकेत दोन पर्याय आहेत : पाडून नवी बांधायची की स्मारक म्हणून जपायची. मी वर्षातून पंधरा दिवस येणारा माणूस. निर्णय इथे राहणाऱ्यांनी घ्यावा आणि तो मला मान्य असेल. पण राउमात राहून एक तिसरा पर्याय डोळ्यांना दिसायला लागतो. दुरुस्त करा, सोयीप्रमाणे बदला, वीज-पाणी-शौचालय नीट करा, आणि रोज वापरा. वाचनालय करा, मुलांना सुतारकाम शिकवा, काहीही करा, पण सकाळी कुणीतरी तिचं दार उघडलं पाहिजे आणि संध्याकाळी लावलं पाहिजे. कुलूप लावून जपलेली इमारत आणि पाडलेली इमारत यांत वीस-पंचवीस पावसाळ्यांचाच फरक असतो. लागणाऱ्या पैशांत माझा वाटा धरा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कौलं आणि वासे कळणारे जे दोन-तीन सुतार आपल्या गावात उरले आहेत, त्यांना आजच्या बैठकीला बोलवा. त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही.

राउमाच्या बोलीत पाहुण्याला म्हणतात, "ओल नीन्गोन गोतोनास." म्हणजे, घरच्यासारखे राहा. कधी त्या बाजूला आलात तर जरूर या. जुलैत या, तेव्हा लेसचा आठवडा असतो. घर लहान आहे, पण चौक मोठा आहे. शेवटच्या बाकावरची सगळी मंडळी मावतील.